उघड्या टपाची गाडी

आमच्या घरी सायकल यायच्या आधी मोटार आली. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बड्या घरची मुलगी दिसते. तसं काही नव्हतं. मेहरूणला तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि त्या पडवीत जवळजवळ घराएवढी लांब, फिकट निळ्या रंगाची अमेरिकन गाडी. तिला लोखंडी छत नव्हतं. कापडाचा टप होता. काचेच्या वरच्या दोन खिट्ट्या काढून तो मागे दुमडला की गाडी होडीसारखी उघडी व्हायची. तिच्यासाठी आबांनी पडवीचा पुढचा खांब उपटून बाजूला रोवला होता, तरी गाडीचं नाक रस्त्यावर यायचंच आणि तळ्यावरून परतणाऱ्या म्हशी त्याला अंग घासून जायच्या. नाकावर कंपनीचं नाव चकचकीत अक्षरांत लिहिलेलं होतं, पण मधली काही अक्षरं गळून पडली होती, त्यामुळे ते नाव आम्ही कधी धड वाचलं नाही. गल्लीत तिला 'वामनभाऊची उघडी' म्हणत.

वामन म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. लग्नाआधीपासून ते अमळनेरला एका तेलगिरणीच्या शेठकडे ड्रायव्हर होते. ही गाडी शेठने मुंबईहून आणली तेव्हा ती चालवत आणायला आबाच गेले होते. कसारा घाट चढून थकलेल्या त्या प्रवासाची गोष्ट ते फार क्वचित सांगत, आणि सांगितली तरी त्यात घाट नसे, रेडिएटरच असे. पुढे शेठ वारले. मुलांना बंद छताची, आपल्याकडच्या बनावटीची गाडी हवी होती. ही सरकीच्या गोदामात कोपऱ्यात उभी राहिली, उंदरांनी मागची गादी कुरतडली. तोवर आबांनी नोकरी सोडून जळगावला हायवेच्या कडेला आपलं गॅरेज टाकलं होतं. शेठाणींनी त्यांना बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, हिला तूच घेऊन जा, इथं ही मातीत जाईल. त्यांनी कागदावर गाडी आबांच्या नावावर करून दिली. ट्रकच्या मागे दोराने बांधून ती जळगावात आली, आणि त्यानंतरचा सगळा पावसाळा आबा संध्याकाळी गॅरेजमधून येऊन तिच्याखाली झोपलेले असायचे. जेवायला हाक मारली की आधी पाय हलायचे.

गाडी चालू झाली तेव्हा लोकांना वाटलं, आता ती सणासुदीला निघेल. आबांचं म्हणणं वेगळं होतं. उभी राहिली की गाडीला गंज लागतो, म्हणून ती रोज चालली पाहिजे. आणि ती खरोखर रोज चालली. सकाळी गॅरेजला, दुपारी जेवायला घरी, परत गॅरेजला. मागच्या सीटवर ट्रकचे गिअरबॉक्स, ऑइलचे डबे, शनिवारी आठवड्याचा बाजार. भरताची हिरवी वांगी, कांद्याची पात, एखादा केळीचा घड, आणि वर आम्ही दोघी बहिणी. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्याने आलो की उघड्या गाडीत उडता कापूस भरायचा, घरी आल्यावर आमच्या केसांतून आई तो वेचून काढायची. टपाचं मूळचं कापड कधीच फाटलं होतं. धुळ्याच्या एका तंबूवाल्याकडून आबांनी जाड खाकी कापडाचा नवा टप शिवून आणला. निळ्या गाडीवर तो एखाद्या साहेबाला शेतकऱ्याची टोपी घातल्यासारखा दिसायचा, पण पाणी मात्र एकाच जागी गळायचं, आणि ती जागा ज्याच्या डोक्यावर येई त्याच्या हातात छत्री असे.

तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. याचा त्रास पुढे मोठी गाडी असली की व्हायचा. डावीकडे बसलेल्या आबांना समोरून कोण येतंय ते दिसायचं नाही. ते काम उजव्या बाजूला बसणाऱ्या आईचं. ती डोक्यावरचा पदर दाताखाली धरून बाहेर वाकायची आणि सांगायची, "थांबा… थांबा… जाऊ द्या आता!" आई आयुष्यात कधी गाडी चालवायला शिकली नाही, पण नशिराबादला आत्याकडे जाताना हायवेवरचे सगळे ट्रक तिनेच ओलांडले, असं आबा म्हणायचे. तिची जाऊ द्या म्हणण्याची तऱ्हा इतकी ठरलेली होती की पुढे घरातल्या इतर गोष्टींनाही ती तेच म्हणू लागली. माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, कॉलेजला घालायचं की नाही यावर काका बरंच काही बोलून गेले, तेव्हा आईने भाकरी थापता थापता आबांना एवढंच सांगितलं, "जाऊ द्या आता," आणि अक्का कॉलेजात गेली.

उन्हाळ्यात आई बॉनेटवर बिबड्या वाळत घालायची. ज्वारीच्या त्या मोठ्या पापडांना सपाट, तापलेली, धूळ कमी असलेली जागा लागते, आणि आमच्या घरी तशी जागा ती एकच. आबांना हे आवडत नसे. "रंग जाई," ते म्हणायचे. "जाऊ द्या," आई म्हणायची. घरात आम्ही खानदेशीच बोलायचो. इथं लिहिताना मी ते बरंचसं शाळेतल्या मराठीत आणते आहे, पण काही वाक्यं त्या भाषेतून काढली तर मला ती ओळखूच येत नाहीत. दुपारी आबा जेवायला आले की गाडीचं इंजिन गरम असायचं आणि बिबड्या खालून-वरून वाळायच्या. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. पडवीत इंजिन थंड होताना टिक टिक करत राहायचं. मला आजही दुपारी जेवताना घर फार शांत वाटतं, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की ते टिकटिकणं नाही.

मध्यंतरी माझ्या भाच्याने मोबाइलवर तसल्याच एका गाडीचा फोटो दाखवला. लालभडक रंग, पांढऱ्या पट्ट्यांची चाकं, टप दुमडलेला. खाली विकणाऱ्याने लिहिलं होतं, ते त्याने मला मराठीत करून सांगितलं: जुनी असली तरी रोजच्या वापरासाठी उत्तम. तो हसत होता. एवढ्या महागाची जुनी गाडी रोज कोण चालवेल, असं त्याला वाटत होतं. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. मी नुसतं विचारलं, डिकीत गिअरबॉक्स मावेल का बघ.

या रोजच्या धावपळीत एक मोसम तेवढा वेगळा असायचा, लग्नांचा. नवरदेव घोड्यावरून उतरून मोटारीत बसू लागले होते, आणि मोटारीत बसून कोणाला दिसलं नाही तर काय उपयोग. आबांच्या गाडीत नवरा-नवरी सगळ्या गावाला दिसायची. त्यामुळे धरणगावपासून पारोळ्यापर्यंत तिला बोलावणी यायची. आबा पांढरा शर्ट, पांढरी पँट घालायचे, टप मागे दुमडून त्यावर चादर बांधायचे, झेंडूच्या माळा लावायला मात्र दुसऱ्याला सांगायचे. आम्ही बौद्ध. हे गाडी ठरवायला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायचं आणि कोणी ते बोलत नसे. स्टिअरिंगवर कोण बसलंय याच्याशी वरातीला काही देणंघेणं नव्हतं. जेवणाचं तसं नव्हतं. मांडवामागे, गोठ्याजवळ पत्रावळ मांडून द्यायचे. एकदा आबांनी ते पाहिलं, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं, आणि पुढच्या लग्नापासून आई न सांगता डबा भरू लागली. ते गाडीतच बसून जेवायचे. संध्याकाळी डबा रिकामा परत यायचा, आई तो घासून पालथा घालायची.

अशाच एका मोसमात ते अमळनेर-धुळे रस्त्यावरच्या एका गावाला जाऊन आले. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथंच राहतात. पाटलांच्या मुलाचं लग्न होतं. पाटलांना सगळे आण्णा म्हणत. गावाच्या मधोमध जाणाऱ्या रस्त्याने, मारुतीच्या देवळापासून पाटलांच्या वाड्यापर्यंत आबांनी वरात नेली. घरी आल्यावर म्हणाले, रस्ता अरुंद आहे, पण सगळ्या एस्ट्या जातात तर आपली का नाही जाणार. एवढंच.

त्यानंतर दोनेक वर्षांनी अक्काचं लग्न ठरलं आणि ते त्याच गावात. मुलगा शाळामास्तर होता, उंच, हळू बोलणारा. त्याचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणू लागलो, शेतमजुरी करून मुलाला शिकवलेले. आमच्या लोकांची वस्ती गावाच्या धुळ्याकडच्या टोकाला होती. लग्न जळगावातच, मेहरूणच्या विहारात करायचं आणि तिथून नवरा-नवरीला घेऊन गावी जायचं असं ठरलं. बोलणी करून नाना उठले, चप्पल घातली, आणि मग दारातच म्हणाले, "वरात गावाबाहेरून आनूत. नाल्याकडथून रस्ता शे."

"नाल्यातून ही गाडी जाणार नाही," आबा म्हणाले. "खाली घासते. पोट लागेल."

ते खरंच होतं. गाडी बुटकी होती. नानांनी वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं. आबा त्या वेळी गाडीबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायला कोणी नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने जाऊ द्या म्हटलं नाही, थांबाही म्हटलं नाही.

लग्न वैशाखात झालं. विहारात पांढऱ्या कापडावर मूर्ती, दोन तसबिरींना हार, पंचशील, मग गुलाबाच्या पाकळ्या आणि बुंदीची पाकिटं. अक्का पांढऱ्या साडीत होती, केसांत मोगरा. तिला मी रोज वेणी घालताना, भांडताना, रॉकेलच्या रांगेत उभी असताना पाहिलेलं. त्या दिवशी ती मागच्या सीटवर बसली तेव्हा पहिल्यांदा मला ती गाडी तिच्यासाठीच बनवलेली वाटली. शेजारी दाजी. पुढे आबा, मधे मी, उजवीकडे आई. वऱ्हाड ट्रकमधून आधीच पुढे गेलं. दुपार कलत आली तेव्हा आम्ही अमळनेर सोडलं. पश्चिमेकडे तोंड करून जायचं, सगळा सूर्य समोरच्या काचेवर. टप खालीच होता. सीटचं रेक्झिन एवढं तापलं होतं की आईने माझ्या आणि स्वतःच्या खाली घडी घालून पोतं अंथरलं. दाजींनी एकदा अक्काला विचारलं, पाणी हवं का, आणि ती नको म्हणाली.

गावाच्या तोंडाशी बँड उभा होता, धुळ्याहून आणलेला. नाना, त्यांचे भाऊबंद, पोरंटोरं. बँड वाजू लागला, गाडी माणसांच्या चालीने निघाली. मारुतीच्या देवळापर्यंत सगळं नीट झालं. देवळाच्या पुढे रस्ता दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये आवळला जातो, आणि तिथं मधोमध एक बैलगाडी आडवी उभी होती. बैल नव्हते, जू खाली टेकवलेलं. बँडवाल्यांनी आधी पाहिलं. क्लॅरिनेट बंद पडला, मग बाकीचे, ढोल शेवटी.

बैलगाडीच्या शेजारी आण्णा पाटील उभे होते, स्वच्छ धोतर, अंगात बंडी. मागे आठ-दहा माणसं. ते गाडीजवळ आले, बॉनेटवर हात ठेवणार होते, पण ते तापलेलं असणार हे लक्षात येऊन हात मागे घेतला.

"वामन, कशी शे तब्येत?"

"बरी शे, आण्णा. गाडी कोनी ठेयेल शे?"

"शे कोनीतरी." मग ते अगदी समजुतीच्या सुरात बोलले. आरडाओरडा झाला असता तर मला कमी भीती वाटली असती. "हाई पाय, आमनं काही म्हननं नही. रस्ता सरकारना शे. मोटार जावाले कोनी नही म्हनत नही. पन हाई आसं उघडं नको. टप लाई ले आनी निंघी जाय."

आबांनी इंजिन बंद केलं. "तुमना पोऱ्यानी वरात मीच आनेल व्हती, आण्णा. ह्याच गाडीम्हा."

"तवय तू डायव्हर व्हता," आण्णा म्हणाले. "आज पोरना बाप शे."

"आज दोन्ही शे," आबा म्हणाले.

आण्णा परत बैलगाडीजवळ जाऊन तिच्या चाकाला टेकले. त्यांना घाई नव्हती. घरांच्या ओट्यांवर बाया जमल्या, धाब्यांवर, मातीच्या सपाट छतांवर, पोरं चढली. क्लॅरिनेटवाला एका ओट्यावर टेकला होता, त्याला कोणीतरी उठवलं. नाना गाडीच्या डावीकडे आले आणि आबांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "व्याही, लावून टाका. दोन मिनिटांचं काम. पुढे गेलो की परत काढू." मागून दाजी म्हणाले, "आबा, आपलं म्हणणं बरोबर आहे. पण हिला आणि मला इथं राहायचंय."

हे कोणी भित्रेपणाने बोललं नव्हतं. मी आज दाजींच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि मला त्यांच्या वाक्यात काही चूक सापडत नाही. आबांनी हात वर नेला. काचेच्या वर जिथं टपाच्या खिट्ट्या बसतात तिथं त्यांची बोटं होती. मी त्यांना चिकटून बसले होते, मला ती दिसत होती. नखांत नेहमीचं काळं ऑइल, लग्नासाठी घासून घासूनही न गेलेलं. मग त्यांनी आरशात पाहिलं. आरसा मागच्या सीटकडे वळवलेला होता. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. मी मागे वळून बघायला घाबरले. आबांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"उन्हात बसूत थोडं," ते म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

आणि आम्ही बसलो. खानदेशातलं वैशाखाचं ऊन ज्यांनी खाल्लं नाही त्यांना उघड्या गाडीत बसणं म्हणजे काय ते सांगून उपयोग नाही. दाराच्या पत्र्याला कोपर लागलं की चटका बसायचा. मोगरा तपकिरी पडला. नानांच्या घरून एक बाई कळशी घेऊन वळसा घालून आली, तिने अक्काला पाणी दिलं, मग दाजींना, मग आम्हाला. ओट्यांवरच्या बाया ते पाणी पिणंही बघत होत्या. आईने पदर दातात धरला होता, ट्रक ओलांडताना धरायची तसा, आणि ती समोर बैलगाडीकडे बघत होती.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. अमळनेर-धुळे एस्टी. लाल धुरळा उडवत आली आणि आमच्या मागे, अगदी डिकीला नाक लावून थांबली. ड्रायव्हरला आमच्याशी काही घेणंदेणं नव्हतं, पाटलांशीही नव्हतं. त्याने एकदा वाजवला, दोनदा वाजवला, आणि मग हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. कंडक्टर पेटी काखेत मारून खाली उतरला, आमच्याकडे पाहिलं, बैलगाडीकडे पाहिलं.

"काय शे हाई? लगीन शे का मयत?"

आण्णा पुढे आले. "जरा थांबा, साहेब. हाई मोटारवाला टप लाई ली, मंग सोडूत."

"टपनं तुम्ही पाही ल्या. आमले धुळाले जानं शे. बैलगाडी काढा."

"तुमनी एस्टीले जागा करी देतस ना. तो मोटार मांगे ली."

"कोठे ली? मांगे मी शे!" कंडक्टर ओरडला. आणि ते खरंच होतं. पुढे बैलगाडी, मागे एस्टी, दोन्ही बाजूंना भिंती. आमची गाडी पुढे गेल्याशिवाय एस्टी हलणार नव्हती. आता एस्टीच्या खिडक्यांमधून माणसं डोकी काढू लागली. अमळनेरच्या बाजाराहून परतणारी, निम्मी त्याच गावची. कोणी म्हणालं, आण्णा, काढा ना गाडी, घर जाऊ द्या. उतरून चालत जा, असं आण्णांच्या बाजूचा एक जण म्हणाला. तर एक म्हातारी खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि हात नाचवत ओरडली, "कशी उतरू? मन्हं पोतं टपवर शे! ते स्टँडवरच उतारतस!"

कोणीतरी हसलं. मला वाटतं आण्णांच्याच माणसांपैकी कोणीतरी. तो टप आणि हा टप, एवढाच विनोद, पण धाब्यावरची पोरं हसली, मग बँडवाले, मग एस्टीतली माणसं. हॉर्न चालूच होता. आण्णांनी एकदा सगळीकडे पाहिलं, आणि ते वळून आपल्या घराकडे गेले. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. दोघा जणांनी जू उचललं आणि बैलगाडी एका बोळात ढकलली.

आबांनी चावी फिरवली. तापलेलं इंजिन पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदा लागलं. बँडवाले वाजवायचं विसरून गेले होते, ते नुसते वाद्यं घेऊन बाजूने चालत होते, आणि मागून एस्टी वाजत होती. आबांनी वेग वाढवला नाही. पाटलांच्या दारावरून गेलो तेव्हा तिथं त्यांची सून उभी होती, काखेत मूल. दोन वर्षांपूर्वी ती याच सीटवर बसून आली होती. तिने गाडीकडे पाहिलं, मग अक्काकडे, आणि आम्ही पुढे जाईपर्यंत बघत राहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं. एस्टी स्टँडवर वळली, म्हातारीचं पोतं उतरवलेलं मी मागे वळून पाहिलं. तिथून आमची वस्ती हाकेवर होती.

संध्याकाळी नानांच्या अंगणात पंगत बसली. आबा पंगतीत बसले. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. आई लांबून बघत होती, आणि मला म्हणाली, जा, आणखी तूप नेऊन दे.

त्या मोसमात ठरलेली तीन लग्नं होती. तिन्ही ठिकाणांहून निरोप आले, दुसरी गाडी मिळाली म्हणून. पुढच्या वर्षी कोणी आलंच नाही. पांढरे कपडे आईने ट्रंकेत ठेवले, नंतर त्यातला शर्ट ते गॅरेजमध्ये घालू लागले आणि तो इतर शर्टांसारखाच काळा झाला. गाडी होती तशीच रोज सकाळी गॅरेजला जात राहिली. त्या गाडीवर मी चालवायला शिकले, कॉलेजच्या परीक्षेला ती स्वतः घेऊन गेले. आबांचे गुडघे गेले तेव्हा ती नाशिकच्या एका माणसाला दिली. नेताना तो चालवत घेऊन गेला, ट्रकवर चढवून नाही, याचं आबांना बरं वाटलं.

अक्का त्या गावात दोन वर्षं राहिली. विहिरीवर तिला कोणी वाईट बोललं का, असं मी विचारायचे. ती म्हणायची, वाईट कोणी नाही बोललं, कोणी बोललंच नाही. मग दाजींची बदली धुळ्याच्या शाळेत झाली आणि ती दोघं देवपूरला राहायला आली. आबा दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जायचे, मागच्या सीटवर केळी आणि वांगी. जाताना रस्ता तोच, त्याच गावातून. टप खाली असायचा. अर्थात पाऊस नसला की तो नेहमीच खाली असायचा. वर असला की आईला वाकून ट्रक बघता येत नसत.

अक्का आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. दाजी गेले, ती मुलाकडे, धुळ्यातच. मी जाते अधूनमधून. गेल्या वेळी दुपारी आम्ही दोघी पंख्याखाली पडलो होतो, नातवंडं शाळेत, आणि कशावरून तरी त्या दिवसाचा विषय निघाला. इतक्या वर्षांत तो आम्ही कधी नीट काढला नव्हता. घरात ती गोष्ट सांगितली जायची ती नेहमी एस्टीची, म्हातारीच्या पोत्याची, हसण्यासाठी.

"शाले, तुला एक सांगू?" अक्का म्हणाली. "मला टप लावून हवा होता."

मी उठून बसले.

"आबांनी एकदा जरी विचारलं असतं ना, की लावू का, तर मी हो म्हटलं असतं. लगेच. सगळं गाव अंगावर बघत होतं. मला वाटत होतं, कोणीतरी ते कापड ओढावं आणि मला झाकून टाकावं. मी वाटच बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

ती छताकडे बघत होती.

"आबांचा हात वर होता," मी म्हणाले. "खिट्टीवर. ते तुझ्याकडे आरशात बघत होते."

"माहीत होतं," अक्का म्हणाली. "म्हणून तर ताठ बसले होते."